फाशांचे गणित मांडणारा जुगारी : जिरोलामो कार्दानो

द्यूत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सर्वस्व पणाला लावणारा युधिष्ठिर उभा राहतो. पण त्याच महाभारतात नळराजाची कथा आहे. झाडावरची पाने आणि फळे नुसत्या नजरेने मोजणारा ऋतुपर्ण राजा नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकवतो. मोजणे आणि फासे यांचे नाते आपल्या कथाकारांनी असे फार पूर्वीच ओळखले होते. युरोपात हे नाते पुस्तकरूपाने विस्ताराने मांडणाऱ्या पहिल्या माणसांत सोळाव्या शतकातील एका इटालियन वैद्याचे नाव घ्यावे लागते. तो थोर गणिती होता आणि पक्का जुगारीही होता. त्याचे नाव जिरोलामो कार्दानो.

कार्दानोचा जन्म २४ सप्टेंबर १५०१ रोजी पाविया या गावी झाला. वडील फाझिओ मिलानमधील वकील. भूमितीत त्यांचा अधिकार एवढा की लिओनार्दो दा विंची त्यांचा सल्ला घेत असे. पण कार्दानोच्या जन्माच्या वेळी आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते, आणि हा डाग त्याला पुढे फार महागात पडला. पाविया आणि पादुआ येथे त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले. वडिलांच्या निधनानंतर हाताशी पैसा उरला नाही, तेव्हा हा बुद्धिमान विद्यार्थी पत्ते आणि फासे यांवर गुजराण करू लागला. समोरच्यापेक्षा आपल्याला शक्यतांचा अंदाज अधिक चांगला येतो, हे त्याच्या लक्षात आले होते. डाव जिंकता जिंकता सवय जडली, आणि ती जन्मभर सुटली नाही.

पदवी मिळाली, पण मिलानच्या वैद्यमंडळाने अनौरस म्हणून त्याला प्रवेश नाकारला. पादुआजवळच्या एका खेड्यात त्याने काही वर्षे कशीबशी वैद्यकी केली. १५३१ मध्ये लग्न केले. पुढे दारिद्र्य इतके वाढले की पत्नीचे दागिने आणि घरातले सामान जुगारापायी गेले. अखेर बायकोमुलासह त्याला मिलानच्या अनाथगृहाचा आसरा घ्यावा लागला. शक्यतांचे गणित ज्याला इतरांपेक्षा अधिक कळत होते, त्याच्याच घरात चूल पेटेना! या विसंगतीपाशी आपण थोडे थांबले पाहिजे.

व्हेनिसमधील एक प्रसंग त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. एका श्रीमंताच्या घरी पत्त्यांचा डाव चालू होता आणि कार्दानो सारखा हरत होता. पत्त्यांवर खुणा आहेत हे कळताच त्याने खंजीर काढून यजमानाच्या तोंडावर वार केला, पैसे उचलले आणि पळ काढला. त्याच रात्री तो कालव्यात पडला. ज्या होडीने त्याला वर काढले, तिच्यातच तोंडाला पट्टी बांधलेला तो यजमान बसला होता. त्याने सूड न घेता कार्दानोला कोरडे कपडे दिले!

पुढे दैव फिरले. १५३९ मध्ये वैद्यमंडळाची दारे उघडली. १५४५ मध्ये ‘आर्स माग्ना’ हा बीजगणितावरील ग्रंथ निघाला. त्यात तिसऱ्या आणि चौथ्या घाताच्या समीकरणांची उकल होती. तिसऱ्या घाताची रीत आपण कार्दानोला गुप्ततेची शपथ घालून सांगितली होती असा तार्ताल्या या गणितीचा आरोप होता, आणि त्यावरून मोठे भांडण झाले. १५५२ मध्ये स्कॉटलंडच्या आर्चबिशपचा दमा बरा करण्यासाठी कार्दानोला एवढ्या लांब बोलावून नेण्यात आले. युरोपभर त्याचे नाव झाले.

याच माणसाने फाशांच्या खेळावर लॅटिनमध्ये एक छोटे पुस्तक लिहिले. त्यातील मूळ विचार आज शाळकरी मुलालाही कळेल. एका फाशाला सहा बाजू, म्हणून दोन फाशांच्या छत्तीस शक्यता. ठरावीक अंक दोहोंपैकी निदान एका फाशावर पडेल, अशा शक्यता छत्तीसात अकरा. तेव्हा अकरा भाग एका बाजूला आणि पंचवीस दुसऱ्या बाजूला, या प्रमाणात पण लावला तरच पैज रास्त. एकच गोष्ट लागोपाठ अनेकदा घडण्याची शक्यता कशी काढायची, येथे तो आधी चुकला. मग चूक त्याच्याच ध्यानी आली आणि शक्यतांचा गुणाकार करावा लागतो हे त्याने शोधून काढले.

आज हे गणित क्रिकेटच्या सट्ट्यात जसेच्या तसे दिसते. सामना कोण जिंकणार, एवढ्यावर आता सट्टा थांबत नाही. पुढच्या चेंडूवर चौकार जाईल काय, पहिला बळी कोणाचा, या षटकात नो-बॉल पडेल काय, अशा एकेका घटनेवर पैजा लागतात. अशा पैजेला मोल केव्हा? मिळणारा भाव खऱ्या शक्यतेपेक्षा जास्त असेल तेव्हाच. फाशावर सहा पडण्याची शक्यता सहात एक, म्हणून रुपयाला पाच रुपये हा रास्त भाव झाला. चारच मिळत असतील, तर सहा डावांत सरासरी एक रुपया गेलाच म्हणून समजावे. फाशाच्या बाजू निदान मोजता तरी येतात. पुढच्या चेंडूच्या बाजू कोण मोजणार? तेथे भाव ठरवणाऱ्यापाशी आकडेवारी असते आणि खेळणाऱ्यापाशी हौस. तीन घटना एकत्र जोडून मोठ्या बक्षिसाचे आमिष दाखवतात, त्याचेही मर्म कार्दानोच्या गुणाकारात आहे. एका पैजेत रुपयामागे सरासरी पंचाण्णव पैसे परत येत असतील, तर अशा तीन जोडल्यावर सुमारे शहाऐंशीच येतात. शक्यतांबरोबर तोटाही गुणला जातो.

पण कार्दानोने मोजणीच्याही आधी एक अट घातली होती, आणि ती मला अधिक मोलाची वाटते. प्रतिस्पर्धी, प्रेक्षक, पैसा, जागा, फासे हलवायची पेटी आणि खुद्द फासा या सर्वांत समता हवी. समता आपल्याविरुद्ध मोडली असूनही खेळणारा मूर्ख, आणि आपल्या बाजूने मोडली असताना खेळणारा अन्यायी, असा त्याचा निवाडा होता. व्हेनिसच्या खुणेच्या पत्त्यांनी त्याला हे शिकवले असेल काय? २०१० मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून नो-बॉल टाकले आणि २०११ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्यांना कारावास दिला. संपूर्ण सामना फिरवायला अनेकांचे संगनमत लागते. एक नो-बॉल टाकायला एक पाऊल पुढे पडले की पुरे. घटना जितकी लहान, तितका पत्त्यावर खूण करणे सोपे. भारतात २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु ज्याला समता मोडल्याचे दिसतच नाही, त्याचे रक्षण अखेर त्याच्या विवेकानेच व्हायचे.

कार्दानोचा उत्तरकाळ करुण आहे. थोरल्या मुलाने पत्नीला विष दिले आणि १५६० मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. धाकटा आल्दो जुगारी निघाला. सर्व काही हरल्यावर त्याने बापाचेच घर फोडले, आणि बापालाच त्याची तक्रार करून त्याला बोलोन्या शहरातून हद्दपार करवावे लागले. १५७० मध्ये धर्मन्यायालयाने कार्दानोला पाखंडाच्या आरोपावरून कैद केले. सुटकेनंतर अध्यापनाची व लेखन प्रसिद्ध करण्याची बंदी आली. २१ सप्टेंबर १५७६ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले. फाशांवरचे पुस्तक छापले गेले ते १६६३ मध्ये. त्याआधीच, १६५४ साली, पास्काल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून संभाव्यताशास्त्राची पायाभरणी होऊन गेली होती, आणि श्रेय त्यांच्याकडे गेले होते.

म्हातारपणी आत्मचरित्र लिहिताना त्याने या व्यसनाचा जमाखर्च मांडला. बुद्धिबळ चाळीसेक वर्षे, फासे पंचवीसेक वर्षे, आणि तेही रोज. त्यात काय गेले? पैसा, वेळ, चिंतन आणि लौकिक. जुगाऱ्याचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे मुळीच न खेळणे, हेही त्याने फाशांच्या पुस्तकात सांगून ठेवले होते. छत्तीस शक्यतांचा चोख हिशेब करणाऱ्याला हा दुसरा हिशेब ठाऊक नव्हता असे नाही. डावाचा भाव त्याने काढला, खेळण्याची किंमतही त्याला कळली. एकच गोष्ट त्याच्या हातून झाली नाही. कळलेला हिशेब पटावर बसण्यापूर्वी त्याने कधी वाचला नाही.