शहरानं ज्या संगीताला रानटी म्हटलं, ते आलं होतं गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून

हॉरर पिक्चर बघणाऱ्यांना स्टॅन्ली कुब्रिकचा 1980 चा 'द शायनिंग' माहीत असतोच. त्यात अंगावर काटा आणणारं जे संगीत आहे, त्यातला एक तुकडा पिक्चरसाठी केलेलाच नव्हता. तो 1936 साली एका हंगेरियन संगीतकारानं लिहिला होता. त्याचं नाव बेला बार्टोक.

त्यामुळे अनेकांच्या डोक्यात बार्टोक म्हणजे भीतीदायक संगीत, असं समीकरण बसलंय. पण याच माणसानं डासांच्या नाचावर, उशीच्या नाचावर आणि चिडवाचिडवीच्या गाण्यावर दोन व्हायोलिनचे तुकडे लिहिलेत. त्याच्या संगीतात भरपूर खोड्या आहेत. मग त्या काळच्या श्रोत्यांना हसू का आलं नाही?

सुरुवातीपासून बघू.

बार्टोकचा जन्म 25 मार्च 1881 चा. गाव नॉजसेंटमिक्लोश, तेव्हा हंगेरीत, आज रोमानियात. सात वर्षांचा असताना वडील गेले. आई शिक्षिका होती, तिनंच त्याला पियानो शिकवला. पुढे बुडापेस्टच्या संगीत अकादमीत शिकून तो नावाजलेला पियानोवादक झाला.

1904 च्या उन्हाळ्यात तो एका खेड्यात मुक्कामाला होता. तिथं लिडी डोशा नावाची ट्रान्सिल्व्हेनियातली एक मुलगी कामाला होती. तिचं गाणं त्याच्या कानावर पडलं आणि तो थबकलाच. कारण असली चाल त्यानं आधी कधी ऐकली नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, हंगेरीच्या माणसाला हंगेरीचं लोकगीत नवीन कसं?

तर विषय असा की, तेव्हा जगभर हंगेरियन संगीत म्हणून जे चालायचं, ते बहुतेक शहरातलं होतं. कॅफेमध्ये रोमा वादक वाजवायचे त्या गोड, नटव्या चाली. लिस्ट आणि ब्राम्स यांनीही त्याच उचलल्या होत्या. शेतकऱ्याच्या घरातलं गाणं वेगळंच होतं, पण तिकडे शहरातलं फारसं कोणी फिरकलंच नव्हतं.

बार्टोक गेला. 1905 मध्ये त्याला झोल्टान कोडाय हा जोडीदार भेटला. दोघं एडिसनचा फोनोग्राफ आणि मेणाची नळकांडी घेऊन खेडी पालथी घालू लागले. 1906 मध्ये त्यांनी 20 लोकगीतांचं पुस्तकही काढलं.

गाणी मिळवणं सोपं नव्हतं. जुनी चाल हवी तर म्हाताऱ्या बायकांना गाठायचं, आणि त्या तर या कोट घातलेल्या पाहुण्याला बघून लाजायच्या. 1907 च्या एका पत्रात त्यानं हा प्रकार मिश्कीलपणे लिहून ठेवलाय. तो जुनं गाणं मागतोय, समोरची बाई देवाची गाणी नाहीतर शहरातून आलेल्या चाली पुढे करतेय, आणि हा पठ्ठ्या चिकाटी सोडत नाहीये. अशी हजारो गाणी त्यानं गोळा केली. हंगेरियन, रोमानियन, स्लोव्हाक, एवढंच काय 1913 मध्ये अल्जेरियातली सुद्धा.

या गाण्यांचा रांगडेपणा त्याच्या स्वतःच्या रचनांत उतरायला लागला. मार्च 1910 मध्ये बुडापेस्टला त्याचं पहिलं स्ट्रिंग क्वार्टेट वाजलं. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हियोला, एक चेलो. चारच वादक, छोटं दालन, त्यामुळे प्रत्येक खरखर ऐकू येते. जुन्या वळणाच्या समीक्षकांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी पॅरिसमध्ये हंगेरियन संगीताचा कार्यक्रम झाला, तेव्हा तिथल्या पेपरात या तरुण मंडळींना रानटी म्हटलं गेलं. 1911 च्या पियानो रचनेला त्यानं 'अलेग्रो बार्बारो' नाव दिलं, ते या शेऱ्याला मारलेला टोलाच असल्याचं मानलं जातं.

त्यानं मनावर घेतलं नाही असं नाही. नव्या संगीतासाठी काढलेली संस्था श्रोत्यांअभावी बंद पडली आणि 1912 मध्ये तो सार्वजनिक कार्यक्रमांपासून बाजूला झाला. पुढे हंगेरीचा मोठा मुलूख रोमानियाकडे गेल्यावर, रोमानियन लोकगीतांवर लिहिलं म्हणून त्याच्या देशभक्तीवरही संशय घेतला गेला. शहराला त्याचं संगीत गावठी वाटायचं आणि राष्ट्रवाद्यांना परकं.

तरी खोड्या थांबल्या नाहीत. 1928 च्या चौथ्या क्वार्टेटमध्ये वादकांनी तार इतक्या जोरात ओढून सोडायची की ती लाकडावर फाडकन आपटली पाहिजे. या प्रकाराला आज बार्टोक पिझिकाटो म्हणतात. 1934 च्या पाचव्या क्वार्टेटमध्ये 4-2-3 आणि 3-2-2-3 अशा बल्गेरियन लयी आहेत. 2-3-2-3 चा झपताल ऐकणाऱ्या आपल्या कानांना यात नवल नाही, पण सरळ दोन-तीन-चार मोजणाऱ्या युरोपियन श्रोत्याचा पाय मात्र भलत्याच वेळी आपटायचा.

याच क्वार्टेटच्या शेवटी तर कहर आहे. सगळं जोरात चालू असताना अचानक रस्त्यावरच्या बाजाच्या पेटीसारखी एक बाळबोध चाल येते. ती निर्विकारपणे वाजवा, अशी सूचनाच आहे. वरची चाल अर्धा सूर चढते, खालची साथ जागची हलत नाही. सवय नसलेल्या माणसाला वाटतं, वादक चुकले. खरं तर तोच विनोद आहे.

1938 मध्ये जॅझचा स्टार बेनी गुडमनसाठी त्यानं 'कॉन्ट्रास्ट्स' लिहिलं. क्लॅरिनेट, व्हायोलिन, पियानो. रेकॉर्डच्या दोन बाजूंत बसेल असं छोटं काहीतरी हवं होतं, यानं बरंच मोठं करून दिलं. शेवटच्या भागात व्हायोलिन मुद्दाम बेसूर लावून सुरुवात करायची, एखाद्या गावठी वादकासारखी. 1940 मध्ये याची रेकॉर्ड निघाली तेव्हा पियानोवर बार्टोक स्वतः होता.

त्याच वर्षी नाझींच्या सावटामुळे तो पत्नीसह अमेरिकेला गेला. तिथं कार्यक्रम कमी, पैसा कमी, त्यात रक्ताचा कर्करोग. डिसेंबर 1944 मध्ये बोस्टनला त्याचं 'कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा' गाजलं, पण 26 सप्टेंबर 1945 ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. अंत्यसंस्काराला मोजकेच लोक होते.

त्यानंतर पाचच वर्षांत ज्युलियर्ड क्वार्टेटनं त्याची सहाही क्वार्टेट वाजवली आणि रेकॉर्ड केली. आज ती जगभरच्या तरुण वादकांच्या अभ्यासात असतात. 1988 मध्ये त्याचे अवशेष सन्मानानं बुडापेस्टला नेण्यात आले.

संगीत तेच राहिलं, लोकांचे कान बदलले. नियम माहीत असल्याशिवाय तो मोडल्याचं हसू येत नाही, आणि बार्टोकचे नियम गावातले होते. शहराला ते शिकायला वेळ लागला.

तुम्हाला ऐकायचं असेल तर क्वार्टेटपासून सुरुवात करू नका. आधी दोन व्हायोलिनसाठी लिहिलेले 44 तुकडे लावा, त्यातला डासांचा नाच मिनिटभराच्या आत संपतो. मग पाचव्या क्वार्टेटचा शेवट लावा. त्या बेसूर चालीला तुमच्या चेहऱ्यावर हसू आलं, तर 1934 साली केलेला जोक तुम्हाला कळला म्हणून समजा.