दुसरे उत्तर तपासणारे भास्कराचार्य



यंदाच्या घटक चाचणीत एक छोटा प्रश्न होता. समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ४० अंश आहे, तर उरलेले दोन कोन किती? बहुतेकांनी ७० व ७० लिहिले. काहींनी ४० व १०० लिहिले. उत्तरपत्रिका हाती पडताच वाद सुरू झाला आणि तो थेट आमच्या खोलीपर्यंत आला. काही पालकांनीही सुभाष रोडवर आम्हांस गाठून खरे उत्तर कोणते, अशी विचारणा केली.

खरी तर दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. ४० अंशांचा कोन शिरोकोन असेल तर उरलेल्या १४० अंशांचे दोन समान भाग, म्हणजे ७० व ७०. तोच पायाचा कोन असेल तर पायाचा दुसरा कोनही ४० आणि वरचा १००. दिलेला कोन कोणता, हे प्रश्नात सांगितलेच नव्हते. दोन्ही शक्यता लिहिणारे मोजकेच निघाले. वाद मिटवताना आम्हांस भास्कराचार्यांची आठवण झाली. म्हणून या अंकात त्यांचा परिचय करून देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ मधला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. वडील महेश्वर हे ज्योतिषाचे जाणकार होते आणि तेच त्यांचे गुरू. घरातच शाळा होती म्हणा ना! आपले गाव सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड, असे भास्कराचार्य सांगतात. हे गाव नेमके कोणते, यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी आपल्या कर्नाटकातील विजापूर म्हणजे आजचे विजयपूर मानतात, तर कोणी जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळचा पाटणे परिसर. जन्मगाव एकच असणार हे उघड आहे, पण पक्का पुरावा मिळेपर्यंत दोन्ही नावे लिहून ठेवणे हेच प्रामाणिकपणाचे. कर्नाटकात राहून मराठी शिकणाऱ्या आपल्या मुलांना तर दोन्ही गावे आपलीच.

वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धांतशिरोमणी पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. पैकी लीलावती घरोघरी पोहोचली. लीलावती ही त्यांची कन्या, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्याने चुकला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. ती कथा अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. भास्कराचार्यांनी स्वतः ती लिहिलेली नाही. कथा गोड आहे, पण ती कथा म्हणूनच सांगावी.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तेथे त्रिकोणाला त्रिभुज म्हणत. इथे आल्यावर पाहिले, तर कन्नड शाळेतील मुलेही त्रिभुजच म्हणतात. लीलावतीतही हाच शब्द आहे. भास्कराचार्य त्रिभुज सोडवीत ते भुजा, लंब आणि क्षेत्रफळ यांच्या आधाराने. तीन कोनांची बेरीज १८० अंश ही आपल्या पुस्तकातील रीत युक्लिडच्या परंपरेतून आली. तेव्हा आपला चाचणीचा प्रश्न लीलावतीत सापडणार नाही. मात्र तो सोडवण्याची शिस्त त्यांच्या बीजगणितात सापडते.

त्यात वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात, कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेले १२ वानर टेकडीवर आहेत. एकूण वानर किती? उत्तर ४८ येते आणि १६ सुद्धा येते. ताळा दोन्हींचा जुळतो. भास्कराचार्यांनी दोन्ही उत्तरे स्वीकारली. दुसऱ्यात, कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत गेला आणि एक वानर बाहेर दिसतो. उत्तरे ५० आणि ५. पण ५ घेतले तर पाचवा भाग १, त्यातून ३ कसे वजा करणार? वानर उणे दोन होतील! म्हणून त्यांनी ५ सोडून दिले आणि ५० ठेवले.

आपल्या त्रिकोणाचेही असेच आहे. ४० अंश दिले तर दोन उत्तरे टिकतात. १०० अंश दिले तर एकच टिकते, कारण पायाचे दोन्ही कोन १०० धरले तर बेरीज २०० होते आणि त्रिकोणच बनत नाही. दुसरे उत्तर शोधायचे, मग ते अटीवर घासून पाहायचे, आणि नंतरच ठेवायचे किंवा टाकायचे. उत्तरामागचे कारण सांगण्यावर भास्कराचार्यांचा भर होता. आपल्याच ग्रंथावर त्यांनी वासनाभाष्य लिहिले. येथे वासना म्हणजे उपपत्ती. वयाच्या ६९व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांचा करणकुतूहल हा ग्रंथ आला.

पुढची हकीकत पालकांनी व विश्वस्तांनी मुद्दाम वाचावी. नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी मुख्य ज्योतिषी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून त्यांनी पाटण येथे मठ काढला. त्याचा १२०७ मधील शिलालेख पाटणे येथे सापडला. निकुंभ घराण्यातील सोइदेव व हेमाडिदेव या बंधूंच्या दानाची नोंद त्यात आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारपेठेने मठाला काय द्यायचे ते कोरले आहे. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी, प्रत्येक तेलघाण्यामागे पळीभर तेल, असे ते दान. राजाच्या दानाबरोबर बाजारातील पळीभर तेलही त्या विद्येच्या कामी आले. आपली शाळाही अशाच लहान-मोठ्या हातांवर उभी आहे, याची आम्हांस जाणीव आहे.

त्या चाचणीत ज्यांनी एकच उत्तर लिहिले, त्यांना निम्मे गुण दिले आहेत. उरलेले निम्मे मिळवण्याची संधी अजून आहे. समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन ९० अंश असेल तर उत्तरे किती, आणि ६० असेल तर किती? कारणासह लिहून सोमवारी आमच्या खोलीत आणून द्यावे. पालकांनी उत्तर सांगू नये, फक्त एवढेच विचारावे, की बाळा, दुसरे उत्तर तपासलेस का?