पोटापुरते वेतन

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची परिस्थिती अत्यंत बेताची असल्यामुळे शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाडास मामांच्या आश्रयाने राहावे लागले. कधी कचेरीत उमेदवारी, तर कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम, असे त्यांचे दिवस गेले. शिक्षणाची सोय होईल या आशेने ते एकदा रत्नागिरीपर्यंत पायी गेले; पण तेथेही जम बसला नाही. अखेर अकोल्यास नातेवाइकांकडे राहून ते मॅट्रिक झाले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिष्यवृत्ती, निबंधांची बक्षिसे आणि वृत्तपत्रांतील लेखन यांवर त्यांनी खर्च भागवला. अंगात घालण्यास सदरा एकच. तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी पुन्हा चढवायचा. परीक्षेच्या फीसाठी नाटक लिहून पैसे मिळवण्याचा त्यांचा विचार होता, हे कळताच प्राध्यापक केरूनाना छत्रे यांनी त्यांना मदत केली, असे सांगतात.

त्या काळी एम. ए. झालेल्या तरुणाला मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सहज मिळे. मुलाच्या शिक्षणाने घरचे दारिद्र्य फिटेल, अशी आईची आशा असणे स्वाभाविकच होते. आगरकरांनी मात्र तिला पत्र लिहून स्पष्ट कळवले, की आपण पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून सारा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहोत. हे पत्र लिहिणे सोपे नव्हते आणि ते वाचणे तर त्याहूनही कठीण गेले असेल.

विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. पहिले वर्षभर दोघांनीही वेतन घेतले नाही. १८८१ मध्ये आगरकर शाळेत दाखल झाले आणि त्याच वर्षी निघालेल्या 'केसरी'चे संपादकही झाले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणी टिळकांसह १०१ दिवसांचा तुरुंगवासही घडला.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. आजीव सभासदाने अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करावी, असा तिचा दंडक होता. पुढे वेतन किती असावे, सभासदांनी बाहेर मिळकत करावी की नाही, यांवर तीव्र मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. या वादात दोन्ही बाजूंची माणसे प्रामाणिक होती. तथापि टिळकांना वडिलार्जित मालमत्तेचा थोडा आधार होता, आगरकरांना तोही नव्हता, हे विसरून चालणार नाही. महिन्याचे वेतन हाच त्यांच्या संसाराचा आधार होता आणि दम्याचा जुना विकार औषधपाण्याचा खर्च वाढवीतच होता.

तरीही १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढले. त्यातील विचारांनी चिडलेल्या विरोधकांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. परंतु घरात शिल्लक अशी पडली नाही. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, त्यांचे निधन झाले. आपल्या मागे पत्नी यशोदाबाईंना कोणापुढे हात पसरावा लागू नये, म्हणून अंत्यविधीसाठी वीस रुपये एका पुडीत बांधून त्यांनी आधीच वेगळे ठेवले होते, असे सांगतात.