पोटची दोन पोरं घरी ठेवून हजारो सैनिकांची ‘मदर’ झालेली नर्स

साल १८६१. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं. इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्गच्या चर्चमध्ये एक पत्र वाचून दाखवण्यात आलं. केरोच्या लष्करी छावणीत घाण आणि रोगराईनं सैनिक मरत होते.

गावानं मदत गोळा केली. पण घेऊन जाणार कोण?

पुढे आल्या मेरी ॲन बिकरडाइक. वय चाळिशीपार, नवरा वारलेला, झाडपाल्याची औषधं देऊन घर चालवायच्या. दोन मुलांना मागे ठेवून त्या निघाल्या.

केरोत त्यांनी आधी साफसफाई केली. आजाऱ्यांना अंघोळ घातली, स्वच्छ कपडे दिले, गरम जेवण दिलं. अधिकारी चिडले, तर देवाचं काम म्हणून त्या अडून बसल्या. जनरल ग्रँट आणि शर्मन मात्र पाठीशी उभे राहिले.

पुढं १९ लढायांमध्ये त्यांनी जखमींची सेवा केली. सैनिक त्यांना ‘मदर बिकरडाइक’ म्हणायचे. पण या चार वर्षांत त्यांच्या स्वतःच्या पोरांच्या वाट्याला आई फार थोडी आली.

युद्धानंतर त्या माजी सैनिकांच्या आणि नर्सच्या पेन्शनसाठी झगडल्या. स्वतःची पेन्शन मिळाली थेट १८८६ मध्ये, महिना २५ डॉलर.

म्हातारपणी त्या कॅन्ससला मुलाकडे राहिल्या. १९०१ मध्ये तिथंच त्यांनी शेवटचा श्वास घेतला.