लिओ फेंडर : चार स्क्रूंवर उभी राहिलेली गिटार आणि नकली मालाचा बाजार

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर जो आकार येतो, तो बहुतेक वेळा स्ट्रॅटोकास्टर किंवा टेलिकास्टरचा असतो. या दोन्ही गिटार बाजारात आणणारे लिओ फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आज जगभरच्या सेकंड हँड बाजारात त्यांच्या आडनावाच्या नकली गिटार फिरतात. फेंडर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात स्वतः बनवलेल्या गिटारवर मात कंपनीचं नाव म्हणून ते आडनाव नव्हतं.

हे कसं घडलं, ते समजून घ्यायचं तर त्यांचं आयुष्य पाहावं लागतं.

हिशेबनीस ते रेडिओ दुरुस्ती

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणीच त्यांनी एक डोळा गमावला. रेडिओ उघडून पाहण्याचा नाद शाळेपासूनचा होता, पण शिक्षण झालं हिशेबाचं. महामंदीच्या काळात हिशेबनिसाची नोकरी गेली आणि १९३८ मध्ये त्यांनी फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

दुकानात स्थानिक वादक अॅम्प्लिफायर दुरुस्तीला आणायचे. नाचगाण्याच्या हॉलमध्ये गिटारचा आवाज पोहोचत नाही आणि पोकळ गिटारला पिकअप लावून आवाज वाढवला की ती शिट्टी मारू लागते, ही त्यांची तक्रार. डॉक कॉफमन या सहकाऱ्याबरोबर फेंडर यांनी आधी मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या स्टील गिटार बनवल्या. १९४६ मध्ये दोघे वेगळे झाले आणि फेंडर यांनी स्वतःच्या नावाने कंपनी सुरू केली.

दुरुस्तीवाल्याची गिटार

तोवर गिटार बनवणं हे सुतारकामातलं नाजूक कसब होतं. मान, म्हणजे नेक, बॉडीत खोबण करून सरसाने बसवली जायची. ती बिघडली तर गिटार महिनाभर कारागिराकडे. फेंडर यांनी प्रश्नाकडे रेडिओ मेकॅनिकच्या नजरेने पाहिलं. लाकडाची सपाट, भरीव बॉडी घ्यायची, वेगळी बनवलेली नेक तिला चार स्क्रूंनी जोडायची आणि वायरिंग सहज उघडता येईल अशा पत्र्याखाली ठेवायचं. एक भाग बिघडला, तर तेवढाच बदलायचा.

१९५० मध्ये या पद्धतीची ब्रॉडकास्टर बाजारात आली. ग्रेच या कंपनीचे याच उच्चाराच्या नावाचे ड्रम आधीपासून विकले जात असल्याने तिने हरकत घेतली. नवीन नाव ठरेपर्यंत फेंडरच्या कारखान्यात हेडस्टॉकवरच्या डेकलमधला ब्रॉडकास्टर हा शब्द कापून टाकायला सुरुवात झाली. उरलं फक्त फेंडर. १९५१ मध्ये टेलिकास्टर हे नाव आलं. मधल्या काळातल्या, मॉडेलचं नाव नसलेल्या गिटारना संग्राहक आज नोकास्टर म्हणतात आणि त्यांना मोठी किंमत देतात.

१९५१ मध्येच प्रिसिजन बेस आला, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. स्ट्रॅटोकास्टरचा सगळ्या खुंट्या एका बाजूला असलेला हेडस्टॉक पॉल बिग्सबी यांनी आधी बनवलेल्या गिटारशी बराच जुळतो. कोणी कोणाचं पाहिलं, हा वाद जाणकारांमध्ये अजून चालतो.

नाव विकलं गेलं

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडर दीर्घ आजाराने त्रस्त होते. जानेवारी १९६५ मध्ये त्यांची कंपनी सीबीएस या प्रसारण क्षेत्रातल्या बड्या कंपनीकडे १ कोटी ३० लाख डॉलरला गेली. कारखान्याबरोबर फेंडर हे नावही गेलं.

पुढच्या काळात उत्पादन वाढलं, हेडस्टॉक मोठा झाला आणि १९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरच्या नेकचे चार स्क्रू तीनवर आले. दर्जा घसरल्याची ओरड वादकांनी केली आणि त्यांनी जुन्या गिटार शोधायला सुरुवात केली. सेकंड हँड बाजारात त्यातून एक सीमारेषा तयार झाली : १९६५ आधीची आणि नंतरची. आधीच्या गिटारना ‘प्री-सीबीएस’ हे नाव पडलं आणि त्यांचे भाव चढत गेले.

भाव चढला, तशी नकलेलाही किंमत आली. स्क्रू काढून गिटार सुटी करता येते, ही फेंडर यांची सोय इथे उलटली. अस्सल जुनी नेक दुसऱ्याच बॉडीवर बसवता येते. एका जुन्या गिटारचे भाग वेगळे करून दोन ‘जुन्या’ गिटार उभ्या करता येतात. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७६ पर्यंत सीरियल नंबर बहुधा नेकमागच्या धातूच्या पट्टीवर असायचा. ती पट्टीही त्याच चार स्क्रूंनी बसवलेली असल्याने नंबरसकट बदलता येते. हेडस्टॉकवरचं नाव हा तर पाण्यात भिजवून चिकटवायचा पातळ डेकल. फेंडर कंपनीच्याच स्वस्त स्क्वायर गिटारवरचं नाव घासून तिथे फेंडर चिकटवण्याचे प्रकारही होतात.

खरी कशी ओळखतात?

त्यामुळे महागडी जुनी फेंडर विकत घेताना जाणकार नावावर विसंबत नाहीत, स्क्रू ड्रायव्हर मागतात. नेकच्या टोकाला कारखान्यात तारीख लिहिलेली असे, आधी पेन्सिलने आणि नंतर शिक्क्याने. आवाजाच्या बटणाखालच्या पॉटवर आकडे असतात. त्यातून तो बनवणारी कंपनी, वर्ष आणि आठवडा कळतो. सोल्डर पुन्हा तापवलेलं दिसलं की शंका येते. अर्थात पॉटवरचं वर्ष गिटारचं असेलच असं नाही. १९६६ मधले पॉट नंतरची काही वर्षं वापरले गेले.

याचा भुर्दंड प्रामाणिक विक्रेत्यालाही बसतो. वादकाने पन्नास वर्षांपूर्वी गरज म्हणून बदललेला पिकअप किंवा पुन्हा मारलेला रंग आज भाव मोठ्या प्रमाणात पाडतो. बदल आणि बनाव यांतला फरक बाहेरून दिसत नाही, म्हणून खरेदीदार दोन्हीकडे संशयाने पाहतो. मग पावत्या, जुने फोटो आणि मालकीची साखळी यांना किंमत येते. डेव्हिड गिल्मर यांची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलरला गेली. ती १९६९ ची, म्हणजे सीबीएसच्या काळातली, आणि तिची नेक अनेकदा बदललेली. पण तिचा इतिहास नोंदलेला होता.

कायद्यातही एक मेख आहे. फेंडर हे नाव आणि हेडस्टॉकचा आकार हे कंपनीचे ट्रेडमार्क आहेत. बॉडीच्या आकारावर मात अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने २००९ मध्ये कंपनीला हक्क नाकारला, कारण तो आकार सर्रास वापरात आलेला होता. म्हणून तिथे स्वतःच्या नावाने तशीच बॉडी बनवणं चालतं. तिच्यावर फेंडर लिहिलं की ती नकली ठरते.

शेवटची वर्षं

कंपनी विकल्यानंतर फेंडर यांची तब्येत सुधारली. १९७० च्या दशकात ते म्युझिक मॅन कंपनीत आले आणि १९७६ मध्ये तिचा स्टिंगरे बेस बाजारात आला. १९८० मध्ये जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्याबरोबर त्यांनी जी अँड एल सुरू केली. ही अक्षरं जॉर्ज आणि लिओ यांची. पार्किन्सन्सने हात थरथरत असतानाही ते फुलर्टनमधल्या कारखान्यात जात राहिले. २१ मार्च १९९१ रोजी त्यांचं निधन झालं.

जी अँड एलच्या गिटार फेंडर यांनी जुन्या रचनांमधल्या उणिवा दूर करून बनवल्या होत्या. त्या काळातल्या गिटार सेकंड हँड बाजारात आजही मिळतात आणि प्री-सीबीएस स्ट्रॅटोकास्टरच्या तुलनेत कितीतरी स्वस्तात जातात.