डॉ. होमी भाभा

पुण्याहून नाशिककडे जाणारा मार्ग आंबेगाव तालुक्यातील मंचर व कळंब ही गावे मागे टाकून जुन्नर तालुक्यात शिरतो आणि मीना नदीच्या काठी वसलेल्या नारायणगावास पोहोचतो. पश्चिमेस शिवनेरीचा दुर्ग व त्यामागे सह्याद्रीच्या रांगा, पूर्वेस उसाचे मळे, कांद्याची व टोमॅटोची शेते, असा हा मुलूख आहे. नारायणगावाहून पूर्वेस खोडद गावाच्या दिशेने गेले, की शेतांच्या मधोमध आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड थाळ्या दृष्टीस पडतात. प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर आहे. अशा थाळ्या एकंदर ३०. त्यांपैकी १४ जवळजवळ उभ्या असून उरलेल्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरांच्या टापूत विखुरलेल्या आहेत. त्या सर्व मिळून एकच दुर्बीण होते.

ही दुर्बीण डोळ्यांना दिसणारा प्रकाश टिपत नाही. ताऱ्यांपासून व दूरदूरच्या दीर्घिकांपासून येणाऱ्या रेडिओ लहरी ती टिपते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून व अथक परिश्रमांतून ती उभी राहिली. परंतु परदेशात स्थिरावू पाहणाऱ्या स्वरूपांना मायदेशी बोलावून घेणारा पुरुष तिच्या उभारणीपूर्वी कितीतरी वर्षे हे जग सोडून गेला होता. तो पुरुष म्हणजे होमी जहांगीर भाभा.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे बॅरिस्टर. घरात उत्तम ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या होत्या, आणि आत्येचे यजमान सर दोराबजी टाटा यांच्याकडे पोलाद, वीज व कारखाने यांविषयी चालणारी मोठ्या माणसांची बोलणीही होमीच्या कानांवर पडत. लोखंडी पट्ट्यांच्या खेळण्यांतून तो पुस्तकात दिलेल्या आकृत्या न करता आपल्या मनातील यंत्रे जुळवी. वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतेच्या सिद्धांताविषयी त्याचे वाचन झाले होते.

शालेय व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईत झाल्यावर १९२७ साली होमीला केंब्रिजला पाठविण्यात आले. त्याने यंत्रशास्त्राचा अभ्यास करावा आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यात मोठ्या जागेवर काम करावे, अशी वडिलांची व सर दोराबजींची इच्छा होती. कोणत्याही तरुणास हेवा वाटावा असे हे भवितव्य! परंतु केंब्रिजला गेल्यावर होमीचे मन पदार्थविज्ञानाकडे ओढले गेले. त्याने वडिलांना पत्र लिहून आपल्या मनाचा कल स्पष्टपणे कळविला. वडिलांनी रागही केला नाही आणि लगेच मान्यताही दिली नाही. यंत्रशास्त्राची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्यास पुढे गणिताच्या अभ्यासाचा खर्च आपण करू, अशी अट त्यांनी घातली. होमीने ती १९३० साली पुरी केली व १९३२ साली गणिताची परीक्षाही दिली. एका अर्थी ही अट फार उपयोगी पडली; कारण पुढे इमारती, यंत्रे व अणुभट्ट्या उभारताना त्याच यंत्रशास्त्राने त्यांना साथ दिली.

केंब्रिजमध्ये भाभांचे लक्ष विश्वकिरणांनी वेधून घेतले. अवकाशातून प्रचंड वेगाने येणारे अतिसूक्ष्म कण पृथ्वीच्या वातावरणावर अहोरात्र आदळत असतात. त्यांना विश्वकिरण म्हणतात. पृथ्वीवरील उपकरणांत हे कण पुष्कळदा एकेकटे न येता सरींसारखे येताना आढळत. असे का होते? भाभा व वॉल्टर हाइटलर या दोघांनी १९३७ साली गणिताने त्याचा उलगडा केला. वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणातील अणूंजवळून जाताना प्रकाशकण बाहेर टाकतो, त्या प्रकाशकणापासून कणांची नवी जोडी जन्मते, तीही पुन्हा प्रकाशकण टाकते, आणि अशा रीतीने एकाचे अनेक होत होत खाली कणांचा वर्षाव होतो. या कार्यामुळे तिशीही न ओलांडलेल्या या तरुणाचे नाव युरोपातील शास्त्रज्ञांत आदराने घेतले जाऊ लागले.

१९३९ साली भाभा सुटीसाठी हिंदुस्थानात आले असता युरोपात महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाली. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर वेंकट रामन पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते. तेथे भाभा रुजू झाले आणि विश्वकिरणांचे संशोधन त्यांनी पुढे चालविले. विक्रम साराभाई हा दुसरा तरुण शास्त्रज्ञ त्याच काळी तेथे होता. १९४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने भाभांना सदस्यत्व दिले. युद्ध संपताच ते केंब्रिजला परत जातील, असे कोणालाही वाटले असते. प्रारंभी त्यांचा स्वतःचाही बेत तोच होता. परंतु बंगळूरच्या त्या वर्षांत त्यांचे मन पालटले. आपल्या देशात बुद्धिमान विद्यार्थी आहेत, परंतु त्यांना उच्च संशोधन करता येईल असे स्थान नाही, म्हणून ते परदेशी जातात व तिकडचेच होतात, ही गोष्ट त्यांना सलू लागली. आपणही त्यांच्यापैकीच एक व्हावयाचे काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या अध्यक्षांना एक विस्तृत पत्र लिहिले. मूलभूत विज्ञानाचे संशोधन करणारी संस्था देशात काढावी, म्हणजे पुढे अणुशक्तीचा वापर सुरू होईल तेव्हा तज्ज्ञांसाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हा एक वर्षाहून अधिक अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या माणसाच्या दूरदृष्टीची कल्पना येते. विश्वस्तांनी साहाय्य दिले आणि १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. प्रथम बंगळुरात व त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत पेडर रोडवरील भाभांच्या आप्तांच्या बंगल्याच्या अर्ध्या भागात तिचे काम चाले.

संस्था चालविण्याची भाभांची रीत जगावेगळी होती. आधी विभाग काढावयाचा, त्यात जागा निर्माण करावयाच्या आणि मग त्या भरण्यासाठी माणसे शोधावयाची, ही सरकारी पद्धत त्यांना मान्य नव्हती. ते आधी माणूस शोधीत. योग्य माणूस मिळाला, की त्याच्याभोवती विभाग वाढू देत. माणूस नसेल, तर विषय कितीही महत्त्वाचा असला तरी थांबत. यात धोका होताच. एखाद्या माणसाची पारख चुकली, तर सारा खर्च वाया जावयाचा, आणि देश तर गरीब! धान्याची टंचाई असलेल्या देशाने आकाशातील कणांवर व ताऱ्यांवर पैसा खर्च करावा काय, हा प्रश्न विचारणारे लोक होते, आणि तो प्रश्न अगदीच गैर होता असेही म्हणता येत नाही. भाभांनी त्याला आपल्या कामाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला.

विश्वकिरणांच्या शोधासाठी त्यांच्या संस्थेने आकाशात उंच फुगे सोडले आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर उपकरणे ठेवली. त्याच संस्थेतील तरुणांनी परदेशी यंत्र विकत न घेता स्वतः एक गणकयंत्र बांधावयास घेतले. प्रथम एक छोटे नमुन्याचे यंत्र तयार झाले व १९६० साली पूर्ण यंत्र कामास लागले. ‘टिफ्रॅक’ हे त्याचे नाव. आज खिशात मावणारा फोन त्याहून कितीतरी पटींनी अधिक आकडेमोड करतो. परंतु गणकयंत्र म्हणजे काय हे हाताने बांधून शिकलेली भारतीय माणसांची पहिली पिढी ज्या ठिकाणी घडली, त्यांत हे एक प्रमुख होते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली अणुशक्ती आयोग स्थापन झाला व भाभा त्याचे पहिले अध्यक्ष झाले. तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली. १९५५ साली जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासाठी भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९६२ साली त्यांच्याच अणुशक्ती खात्याच्या आश्रयाने अवकाश संशोधनासाठी एक समिती नेमण्यात आली व तिची धुरा बंगळूरचे जुने स्नेही विक्रम साराभाई यांच्याकडे सोपविण्यात आली. पुढच्याच वर्षी, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केरळातील थुंबा या कोळीवस्तीच्या गावातून पहिला अग्निबाण आकाशात झेपावला.

याच सुमारास घडलेली एक गोष्ट जुन्नर तालुक्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. १९६१ साली अमेरिकेत ज्योतिर्विदांची एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे परदेशात काम करणारे चार भारतीय तरुण एकत्र आले. गोविंद स्वरूप हे त्यांपैकी एक. रेडिओ लहरींच्या साहाय्याने आकाशाचा वेध घेण्याचे शास्त्र तेव्हा नवे होते आणि हे चौघेही त्यात निपुण होते. देशाने संधी दिल्यास आपण सर्व परत येऊन हे काम सुरू करू, असे त्यांनी मायदेशातील प्रमुखांना लिहून कळविले. अशा पत्रांचे बहुधा काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे! परंतु भाभांकडून जानेवारी १९६२ मध्ये तार आली, आणि असा गट स्थापन करण्याचे ठरले असल्याचे तीत कळविले होते. ना जागा ठरलेली, ना दुर्बीण ठरलेली; माणसे मात्र मिळाली होती, आणि भाभांना तेवढे पुरेसे होते.

१९६३ साली स्वरूप परतले व टाटा संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियाने भारताला देऊ केलेल्या ३२ लहान थाळ्या दिल्लीत पडून होत्या. त्या आणून १९६५ साली कल्याणजवळ उभारण्यात आल्या व त्यांतून सूर्याचे निरीक्षण सुरू झाले. त्याहून फार मोठी दुर्बीण बांधण्याची स्वरूपांची कल्पनाही भाभांनी उचलून धरली.

भाभांचा पिंड केवळ शास्त्रज्ञाचा नव्हता. ते स्वतः चित्रे काढीत आणि नव्या भारतीय चित्रकारांची चित्रे संस्थेसाठी विकत घेत. कुलाब्यास समुद्रकाठी संस्थेची नवी वास्तू उभी राहिली, तेव्हा तिच्या भिंतींवर कोणते चित्र असावे व बागेत कोणते झाड कोठे असावे, याचाही विचार त्यांनी जातीने केला. इमारतीच्या आड येणारे जुने वृक्ष तोडण्यापेक्षा मुळांसकट उपटून दुसरीकडे लावावेत, असा त्यांचा कटाक्ष असे. त्यांनी विवाह केला नाही.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संघटनेच्या कामासाठी व्हिएन्नाकडे निघाले होते. ‘कांचनगंगा’ या नावाचे ते विमान आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखरावर आदळले. विमानातील सर्व ११७ माणसे मृत्यू पावली. भाभांचे वय तेव्हा अवघे ५६ वर्षांचे होते. तुर्भेच्या केंद्राला पुढच्या वर्षी त्यांचे नाव देण्यात आले.

कर्ता पुरुष अकस्मात गेला म्हणजे त्याने आरंभिलेली कामे पुष्कळदा रेंगाळतात. येथे तसे घडले नाही. स्वरूप व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी निलगिरीतील उटीजवळ, ज्या डोंगराचा उतार दुर्बिणीला अचूक साजेसा होता अशा डोंगरावर, ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण १९७० साली सुरू केली. पुढे त्याहून विशाल दुर्बिणीसाठी त्यांनी देशभर जागेचा शोध घेतला. रेडिओ लहरींचा कोलाहल कमी असलेली, डोंगरांनी शहरांपासून आडोसा दिलेली आणि तरीही पुण्यापासून फार दूर नसलेली जागा त्यांना हवी होती. ती खोडदजवळ मिळाली. थाळ्यांना भरीव पत्रा न वापरता पोलादी तारांची बारीक जाळी दोरखंडांवर ताणून बसविण्याची युक्ती स्वरूपांनी योजिली. जाळीतून वारा आरपार जातो, परंतु मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरी मात्र परावर्तित होतात. त्यामुळे थाळ्या हलक्या झाल्या व खर्चही पुष्कळ वाचला. ४ ऑक्टोबर २००१ रोजी ही दुर्बीण जगातील शास्त्रज्ञांसाठी खुली करण्यात आली. तिचे काम पाहणारे पुण्यातील केंद्र हा पेडर रोडवरील बंगल्यात सुरू झालेल्या त्याच संस्थेचा एक भाग आहे. तीसही थाळ्यांनी टिपलेले संदेश काचेच्या तंतूंवाटे एकत्र येतात व गणकयंत्रे त्यांचा मेळ घालतात. राष्ट्रीय विज्ञानदिनाच्या सुमारास खोडदला भरणाऱ्या प्रदर्शनात आसपासच्या गावांतील मुले आपण बांधलेली उपकरणे घेऊन येतात.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे ‘स्कियापारेली’ हे छोटे यान मंगळावर उतरत होते. पृथ्वीपासून ते १७ कोटी किलोमीटरांहून अधिक अंतरावर होते आणि त्याचा संदेश अत्यंत क्षीण होता. तो ऐकण्यासाठी खोडदच्या थाळ्या मंगळाकडे वळविण्यात आल्या. वातावरणात शिरलेल्या यानाचा संदेश तेथे स्पष्टपणे मिळू लागला, आणि यान पृष्ठभागावर टेकण्याच्या अपेक्षित वेळेपूर्वी थोडा वेळ तो एकाएकी थांबला. यान मंगळावर आदळून नष्ट झाले होते. त्याच्या अखेरच्या प्रवासाची वार्ता पृथ्वीवर प्रथम ज्यांच्या हाती आली, ते शास्त्रज्ञ त्या वेळी जुन्नर तालुक्यातील शेतांमध्ये बसलेले होते.