थॉमस जेफरसन : परसबागेत वाणांची चाचणी घेणारे राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन (१७४३–१८२६) यांचे घर व्हर्जिनिया राज्यात माँटिसेलो येथे टेकडीवर होते. १८०९ मध्ये पद सोडून ते घरी परतले आणि उरलेली वर्षे त्यांनी बागेत बरेच लक्ष घातले. भाजीपाल्यासाठी आग्नेयेकडचा उतार कापून सुमारे १००० फूट लांबीची सपाट पट्टी केली होती. क्षेत्र सुमारे २ एकर, वाफे २४. तिथे ऊन लवकर मिळत असल्याने मटार हंगामाआधी निघे.

या बागेत भाज्या व मसाल्याच्या वनस्पतींचे ३०० हून अधिक वाण लावले गेले. पॅरिसच्या वनस्पती उद्यानातून आणि फिलाडेल्फियातील रोपवाटिकेतून बियाणे येई. लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने आणलेला मूळ रहिवाशांचा घेवडाही त्यांनी लावला. आपल्याकडे रोजच्या असलेल्या भेंडी, वांगी आणि तीळ या पिकांचेही त्यांनी प्रयोग केले.

मात्र आपल्याला उपयोगी पडेल ती त्यांची वही. १७६६ ते १८२४ अशी तिची नोंद आहे. वाण कोणत्या वाफ्यात पेरला, कधी पेरला, भाजी ताटात कधी आली आणि कधी संपली, असे रकाने त्यात आढळतात. उगवण झाली नाही किंवा किडीने रोपे गेली, तर तेही लिहिलेले आहे. अपयशाच्या अशा नोंदी पुष्कळ आहेत. एरवी फसलेला वाण आपण विसरतो आणि दोन वर्षांनी तोच पुन्हा विकत घेतो!

लेट्यूसचे बी त्यांनी एकदम पेरायचे ठेवले नव्हते. फेब्रुवारी ते सप्टेंबर दर सोमवारी शिवणकामाच्या अंगुस्तानभर बी पेरायचे, म्हणजे कोवळा पाला सतत मिळतो.

इतके वाण जमवूनही प्रत्येक भाजीचे एक-दोन सरस वाण ठेवून बाकीचे बागेतून काढावेत, असे त्यांचे मत होते. कारण बियाण्यातील भेसळ. मटार, लेट्यूस स्वपरागी असल्याने त्यात हा धोका कमी. भोपळ्याचे दोन वाण शेजारी लावून बी धरले, तर मधमाश्यांमुळे पुढच्या वर्षी कोणतेच फळ अस्सल निघेल याची खात्री नाही.

या बागेतले कष्ट गुलामांचे होते, हे सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. उतार कापला तो त्यांनीच. बागकाम जाणणारे वर्मली ह्यूझ हेही गुलामच, आणि जेफरसन यांची कबर खोदली तीही त्यांनी. जेफरसन मोठे कर्ज मागे ठेवून गेले. ते फेडण्यासाठी १८२७ च्या जानेवारीत माँटिसेलोवर लिलाव झाला. ह्यूझ यांना मोकळे केले होते. पण त्यांची पत्नी आणि मुले त्या लिलावात विकली गेली.